चष्मेवालीचं घर

शेवटच्या सकाळी आम्ही बागेत गेलो, बाकावर बसलो, थर्मासच्या झाकणातून दोघांनी चहा प्यायला आणि भांडलो. रोज तेच करायचो. त्या दिवशी मी जरा जास्त बोललो.

जळगावात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर ती बाग. मधे तळं. तळ्याच्या तीन बाजूंना फरशी, कठडा, दिव्याचे खांब. चौथी बाजू तशीच राहून गेलेली, नुसता चिखल आणि माणसाच्या कमरेइतकं गवत. डॉक्टरनं बायकोला रोज चालायला सांगितलं होतं, पण तिच्या गुडघ्यांना ते मान्य नव्हतं. म्हणून ती काठी टेकत शेवटच्या बाकापर्यंत यायची आणि बसायची. तो बाक त्या चिखलाच्या समोरच.

मी चौथी शिकलेला. चाळीस वर्षं दालमिलमध्ये चाळणीवर उभा राहिलो. कान तिथंच गेले. ओरडून बोललं तर ऐकू येतं, बारीक आवाज येत नाही. डोळे मात्र अजून धड आहेत. तिचं उलटं होतं. साखरेनं नजर अधू केलेली, पण कान असे की शेजारच्या घरात दूध उतू जायला लागलं तर शेजारणीच्या आधी हिला कळायचं. दोघं मिळून एक माणूस पुरा होत होतो.

गवतातला तो पक्षी आम्हाला सापडला तो असाच. तिनं ऐकला, मी पाहिला. "रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखं कोन करतंय?" असं म्हणून तिनं बोट केलं. मी बोटाच्या रेषेत बघत राहिलो. बऱ्याच वेळानं गवताच्या बुडाशी एक पक्षी दोन पावलं बाहेर आला. लाव्यापेक्षा मोठा, चोच लांब, मान तांबडी-काळी, आणि डोळ्याभोवती पांढरा पट्टा, चष्मा लावल्यासारखा. दोन श्वास उभा राहिला आणि गेला. गेला म्हणजे उडाला नाही, तिथंच गवतात मिटून गेला. असा चोर पक्षी मी पाहिला नव्हता. आम्हाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मी वर्णन केलं तसं तिनं नाव ठेवलं, चष्मेवाली.

महिनाभरात ती आम्हाला तीनदाच दिसली. पण आवाज रोज यायचा. म्हणजे हिला यायचा.

मग बागेच्या कामाचा मुकादम आला. तो कोपरा साफ करून तिथं कारंजं बसवायचं ठरलं होतं. बायकोनं त्याला बाकाजवळ बोलावलं.

"भाऊ, तठे चष्मेवालीची अंडी शेत. पंधरा-वीस दिवस थांबा."

"अंडी आहेत? मावशी, तुम्ही पाहिली?"

"आवाज येतो ना."

मुकादम चांगला माणूस होता, हसला नाही. "आवाजावर पोकलेन थांबत नाही, मावशी. अंडी डोळ्यानं दाखवा. मी साहेबाला फोटो पाठवतो, कोपरा सोडायला लावतो. नाही दाखवली तर उद्या सकाळी सातला मशीन चालू."

"उद्या सातच्या आत दाखवते," ती म्हणाली.

हे सगळं त्या शेवटच्या सकाळचं. मुकादम गेल्यावर तिनं मला कामाला लावलं. तिचं म्हणणं, चिखलाच्या कडेच्या वाकड्या खांबाच्या डावीकडं, पाण्यापासून दोन हात अलीकडं. चष्मेवाली रोज तिथं जाते, हाक मारते आणि निघते. मी अर्धा तास डोळे फाडून बघितलं. गवत. मग चष्मेवाली दिसली, पण पार उजवीकडं, निवांत चिखलात चोच मारत चाललेली.

"बघ," मी म्हणालो, "बाईसाहेब तिकडं हिंडतायत. अंडी असती तर अंड्यावर बसली नसती?"

"ती नाही बसत. ती हाक मारून जाते. अंड्यावर बाप्या बसला असंल."

मला हसू आवरेना. "बाई बाहेर हिंडणार अन् बाप्या अंडी उबवणार? तुझ्या पहूरकडं असतील असे बाप्ये."

"आमच्याकडं असते तर तुमच्या गळ्यात कशाला मारलं असतं मले?"

तिची बोली पहूरकडची, माझी पारोळ्याकडची. पन्नास वर्षांत दोन्हींची खिचडी झाली होती, आणि टोमण्याला ती खिचडी फार कामाची. एवढ्यावर थांबायला हवं होतं मी. पण त्या अर्ध्या तासानं माझे डोळे दुखत होते आणि मला चहा संपलेला चालत नाही.

"बेडूक आहे तो," मी म्हणालो. "महिनाभर बेडकाची आरती करतेयस. मुकादमाला सांगून टाक, म्हातारीचा भ्रम होता."

तिनं झाकणातला उरलेला थेंब फरशीवर झटकला. मग म्हणाली, "तुमाले आयकू येत नाही म्हनून आवाजच नाही, असं थोडीच शे?" आणि काठी उचलून माझ्यापुढं चालू लागली. गुडघे दुखत असताना माझ्यापुढं. घराच्या फाटकात वळून एवढंच म्हणाली, "उद्या साडेपाचले निघायचं. लोळत पडू नका."

घरी येऊन तिनं थर्मास घासला आणि नळाजवळ उपडा घातला.

दुपारी ती पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. मी आत पडलो होतो. ताट खाली पडल्याचा आवाज मला आला नाही. सून ओरडत आली तेव्हा उठलो. तांदूळ सगळ्या फरशीवर, आणि ती भिंतीला टेकलेली, जशी टीव्ही बघताना डुलकी लागायची तशी. गल्लीतला डॉक्टर आला, हात धरला, सोडला. त्यानं मुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही.

धुळ्याहून माझी थोरली बहीण, अक्का, मिळेल त्या एसटीनं आली. तिच्यासाठी थांबलो आणि दिवस मावळायच्या आत बायकोला घेऊन गेलो. अग्नी मुलानं दिला. याच्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

परत आलो तर अक्कानं तयारी केलेली होती. बायकोला जिथं निजवलं होतं तिथं तिनं पीठ पसरलं, हातानं सपाट केलं, शेजारी दिवा ठेवला आणि पिठावर टोपली उपडी घातली. आमच्यात हे करतात. दुसऱ्या सकाळी सगळ्यांनी मिळून टोपली उचलायची आणि पिठावर कोणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं. ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेला असं धरतात. माझ्या आईच्या वेळी मुंग्यांची रांग उठली होती आणि सगळ्यांनी तिला गाईचं पाऊल म्हणून हात जोडले होते. मीही जोडले होते.

"सकाळमा सात वाजता टोपली उचलसूत," अक्का म्हणाली. "घरना बठ्ठा लोक आठे पाहिजेत."

सात वाजता. मी दिव्याकडं बघत होतो. मला मुकादम आठवला, त्याचं पोकलेन आठवलं, आणि सगळ्यांसमोर मी म्हणून गेलो, "सातला मी नाही. मला बागेत जायचंय."

घर गप्प झालं. एवढं गप्प की मलासुद्धा कळलं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "उद्या?"

"उद्याच. सातला ते गवत काढणार. तिनं अंडी दाखवायचा शब्द दिलाय."

"सकाळपासून लोक येतील भेटायला. काय सांगू? आईला जाऊन एक दिवस झाला नाही अन् बाबा बागेत फिरायला गेलेत?"

"सांग तसंच."

अक्का माझ्यासमोर येऊन बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण अजून मला लहानच समजते. "भाऊ, येडा व्हयना का तू? कोनले दिना शब्द?"

"मुकादमाला."

"मरेल मानूसना शब्द रहास का?"

"तिचा राहत नसेल. मी तिला खोटी पाडलीय, ते राहिलंय." मग मी सगळं सांगितलं. बेडूक म्हटलं ते, भ्रम म्हटलं ते. सांगताना माझा आवाज चढला. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. "उद्या सातनंतर तिथं चिखल सपाट होईल. मग ती खरी होती का मी खरा होतो, हे मला मरेस्तोवर कळणार नाही. तुम्ही पिठात बघा. मला तिथं बघायचंय."

अक्कानं तोंड फिरवलं. "मी कोनी वाट दखनार नही," एवढं म्हणाली आणि दिव्यात तेल घातलं.

सकाळी साडेपाचला निघालो. लोळत पडलो नाही. अक्का दिव्यापाशी भिंतीला टेकून जागीच होती. पायांत काही घातलं नाही, सुतकात घालत नाहीत. कोपऱ्यातली तिची काठी मात्र घेतली.

पोकलेन आधीच येऊन उभं होतं. त्याचा पंजा चिखलाच्या कडेला टेकलेला. मुकादम चहा पीत होता.

"नाना, एकटेच? मावशी नाही आल्या?"

"काल गेली."

"कुठं गेल्या?" म्हणाला, आणि मग माझे अनवाणी पाय दिसले त्याला. चहाचा कप त्यानं हळूच कठड्यावर ठेवला. "नाना, मग तुम्ही इथं कशाला..."

"वाजले किती?"

"सहा वीस."

"सातचं बोलणं होतं. चाळीस मिनिटं आहेत."

तो मान खाली घालून उभा राहिला. "माझ्याकडून चाळीसच आहेत, नाना. साडेसातला साहेब येतो. त्याला काम चालू दिसायला पाहिजे."

बाकावर बसलो. वाकडा खांब. त्याच्या डावीकडं, पाण्यापासून दोन हात अलीकडं. तेवढं तिचं बोट माझ्याजवळ होतं. त्या रेषेत बघत राहिलो, काल बघत होतो तसाच, आणि काल दिसलं तेवढंच दिसलं. ती बसली असती तर म्हणाली असती, अजून डावीकडं. म्हणाली असती, आता गप्प बसलाय. मला काही ऐकू येत नव्हतं. पक्षी ओरडत होता का नव्हता, देवाला ठाऊक. बाजूला मुकादम घड्याळ बघत होता, ते मला न बघता कळत होतं.

वीस मिनिटं गेली. डोळ्यांना पाणी यायला लागलं. दुखण्याचं होतं का दुसरं, ते मी तपासलं नाही.

मग स्वतःला शिवी दिली. चाळीस वर्षं काय शिकलास? मिलमध्ये चाळणीवर डाळ पळत असते. नव्या माणसाला सांगतात खडे वेच, तो डाळीत डोळे घालून खडा शोधतो आणि त्याला एक सापडत नाही. शोधायचा नसतो. नजर सैल सोडायची, सगळ्या चाळणीवर. डाळ सगळी एका चालीनं जाते. त्या चालीत जो नाही, तो खडा. मी तिथं अर्धवट झोपेत खडे काढलेत, आणि इथं नव्या माणसासारखा एका जागी डोळे रोवून बसलो होतो.

नजर सैल सोडली. वारा तळ्यावरून येत होता. गवत झुकायचं, उठायचं. झुकायचं, उठायचं.

पावणेसातला पोकलेनवाल्यानं इंजिन चालू केलं. गरम करायला असेल. मला त्या आवाजाचं काही नाही, मी त्यातच म्हातारा झालो. पण गवतातून धडपडत एक पक्षी उठला आणि पाय लोंबकळत उजवीकडं गेला. पांढरा चष्मा मला लख्ख दिसला.

"नाना, तो बघा! तो बघा गेला!" मुकादम ओरडला. "उडाला. आता काही नाही तिथं."

काल मी हेच म्हणालो असतो. काल म्हणालोच होतो. बाई उडाली म्हणजे घर रिकामं. मी उडालेल्याकडं मान वळवली नाही. न उडालेला बघायचा होता.

गवत झुकलं, उठलं. गवताचा एक गड्डा झुकला नाही. वाकड्या खांबाच्या डावीकडं. चारी बाजूंनी गवताची पाती आत वळवून धरल्यासारखी, आणि त्यांच्या मधे चिखलाचा एक गोळा. सगळीकडं चिखल ओला होता, तो गोळा कोरडा.

काठी टेकत चिखलात उतरलो. पहिल्या पावलाला घोटा गेला, दुसऱ्याला पोटरी. चिखलावर तीन बोटांच्या पावलांची एक वाट होती, गड्ड्याकडं गेलेली, परत आलेली, पुन्हा गेलेली. मागून मुकादम काहीतरी ओरडला. सात वाजले असावेत; पोकलेनवाल्याला मी दिसत नव्हतो, कमरेइतक्या गवतात वाकलेला म्हातारा कसा दिसणार? चिखलावरून पंज्याची सावली सरकली ती मी पाहिली. वर बघायची सोय नव्हती, कारण तेव्हाच त्या गोळ्याला डोळा फुटला.

मळकट, राखी, चिखलाच्याच रंगाचा पक्षी. डोळ्याभोवती चष्मा होता, पण पिवळट, फिका. माझ्यापासून दोन हातांवर. तो उडाला नाही. उभा राहिला, दोन्ही पंख पुढं पसरले, पंखांवर पिवळे ठिपके, आणि चोच उघडून माझ्यावर फिस्कारला असणार. मला ऐकू आलं नाही, चोच उघडलेली दिसली. एवढासा जीव, माझ्या अंगावर येत होता. त्याच्या पायांत चार अंडी होती, काळ्या डागांची.

मी काठी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली आणि ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. पंजा माझ्यावर थांबला, हलला, थांबला. मग पायाखालचा चिखल थरथरायचा बंद झाला, त्यावरून कळलं की इंजिन बंद झालं.

मुकादम पँट वर करून आला तेव्हा तो पक्षी परत बसला होता. पंख मिटून, चिखल होऊन.

"कुठं?" मुकादम म्हणाला. तो दम लागल्यासारखा बोलत होता. "नाना, तुम्ही मला तुरुंगात घातलं असतं आज. कुठं आहे?"

"काठीच्या टोकापुढं."

"गवत आहे."

"गवताला डोळा असतो का?"

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग पक्ष्यानं पापणी मिटली असेल, कारण मुकादम एकदम मागं सरला. "अरे तिच्यायला." त्यानं मोबाइल काढला, दोन-तीन फोटो घेतले. "हीच का ती मावशींची चष्मेवाली?"

"ती मघा उडाली ती. हा तिचा नवरा."

तो हसणार होता, पण हसला नाही. तिथूनच साहेबाला फोन लावला. मला बोलणं ऐकू गेलं नाही, तोंडाकडं बघत राहिलो. फोन ठेवून तो म्हणाला, "पिल्लं निघेपर्यंत वाकड्या खांबापासून बागेच्या भिंतीपर्यंत हात लावत नाही. बाकीचं काढावं लागेल, नाना."

"काढ," मी म्हणालो.

खूण पाहिजे होती. मी तिची काठी गड्ड्यापासून चार हातांवर रोवली, मुकादमानं तिला लाल फडकं बांधलं. घरी जाताना मला काठीशिवाय यावं लागलं. मला काठी लागत नाही, पण त्या दिवशी लागली असती.

घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दारात चपला होत्या, लोक बसले होते. सगळ्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. पोटरीपर्यंत चिखल, आणि मी तसाच आत आलो.

टोपली उचललेली नव्हती. दिवा चालू होता. अक्का टोपलीवर हात ठेवून बसली होती.

"बस," ती म्हणाली. मुलगा बसला, सून बसली, मी बसलो. अक्कानं टोपली उचलली.

पिठावर काहीच नव्हतं. तिनं काल हातानं फिरवलं होतं तसंच, तिच्या बोटांच्या रेघांसकट. लोकांनी वाकून बघितलं. कोणी म्हणालं, हे कडेला जरासं आहे काही. अक्कानं ओठ आवळून मान हलवली. "काहीच नही." मग तिनं माझ्या पायांकडं बघितलं, तिथून वर माझ्या तोंडाकडं.

"तठे काय दखं?"

मी सांगितलं. चार अंडी, काळ्या डागांची. जागा तिनं सांगितली तीच. बसलेला बाप्या. लोक एकमेकांकडं बघायला लागले. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असेल. अक्का मात्र एकेक गोष्ट विचारत गेली. पंख कसा होता? फिस्कारला तर तू मागं सरला का? टोपली तिच्या मांडीवर तशीच उपडी.

मुलगा मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा, आई बरोबर होती. यांच्यात अंड्यावर नरच बसतो. पिल्लंही तोच सांभाळतो."

"माहिती आहे," मी म्हणालो.

उठून मागच्या नळावर गेलो. चिखल वाळला होता, घासावा लागला. थर्मास तिथंच उपडा होता, तिनं काल घातलेला. पाय धुऊन झाल्यावर तो उचलला, आतून कोरडा झाला होता. झाकण लावलं आणि आत नेऊन त्याच्या जागी ठेवला.